जुन्या संगणकांच्या वाड्यात पाहुणे

संगणक आता आपल्याला नवा राहिलेला नाही. सातबाराचा उतारा संगणकातून निघतो. बँकेचे पासबुक यंत्रात घातले की छापून बाहेर येते. खिशातला मोबाइल हासुद्धा एक संगणकच. पण आज आम्ही तुम्हांला जुन्या संगणकांची गोष्ट सांगणार आहोत. जुने म्हणजे किती जुने? चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे. असे संगणक काही हौशी लोकांनी जपून ठेवले आहेत. कोणी स्वीडनमध्ये, कोणी अमेरिकेत. नुसते जपले नाहीत, तर एकमेकांना जोडून त्यांचे जाळे केले आहे. आणि जाळे झाले की एक प्रश्न येतोच. त्यात परक्या माणसाला येऊ द्यावे की नाही?

आधी हे यंत्र कसे होते ते पाहू. अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन नावाची एक कंपनी होती. तिला लोक थोडक्यात 'डेक' म्हणत. १९५७ साली मेनार्ड नावाच्या गावात, लोकरीच्या एका जुन्या गिरणीच्या इमारतीत ती सुरू झाली. तिने १९६६ च्या सुमारास पीडीपी-१० नावाचा संगणक बाजारात आणला. तो टेबलावर मावणारा नव्हता. लोखंडी कपाटे ओळीने उभी करावीत तसा तो दिसे. तो तापे, म्हणून खोली थंड ठेवावी लागे. आणि एवढे मोठे धूड असून त्याची स्मरणशक्ती किती? त्याला एका वेळी जास्तीत जास्त २,६२,१४४ शब्द हाताळता येत. आज मोबाइलवर लग्नाचा एक फोटो काढला, तर तो एकटा फोटोसुद्धा बहुधा त्यात मावणार नाही!

पण या यंत्राची खुबी वेगळी होती. ते एकाच वेळी अनेक माणसांचे काम करी. हे कसे, ते आम्हां मास्तरांना चटकन कळते. एकशिक्षकी शाळा तुम्ही पाहिली असेल. मास्तर एक, वर्ग चार. पहिलीला पाटीवर अक्षरे गिरवायला लावायची, तेवढ्यात तिसरीला गणित घालायचे, मग चौथीचे वाचन ऐकायचे. प्रत्येक वर्गाला वाटते, मास्तर आपल्याकडेच आहेत. पीडीपी-१० तसेच करी. एका माणसाचे थोडे काम करून दुसऱ्याकडे वळे, मग तिसऱ्याकडे. हे इतक्या वेगाने होई की प्रत्येकाला वाटे, यंत्र माझेच आहे. लोक टेलिफोनच्या तारेने लांबूनही त्या यंत्राशी बोलू शकत.

पुढे याच कंपनीने १९७० साली पीडीपी-११ आणि १९७७ साली व्हॅक्स नावाची यंत्रे काढली. ही यंत्रे एकमेकांशी बोलावीत म्हणून तिने एक बोली ठरवली. तिचे नाव डेकनेट. आपल्याकडे जशी मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, तशी यंत्रांचीही बोली असते म्हणा ना! पुढे छोटे आणि स्वस्त संगणक आले. १९९८ साली डेक कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि तिचे नाव मागे पडले. यंत्रे भंगारात जाऊ लागली.

तेव्हा हौशी लोक पुढे झाले. आपल्याकडे एखादा शेतकरी आजोबांचे ऑइल इंजिन पुसून-पासून ठेवतो, वर्षातून एकदा हँडल मारून सुरू करतो, तसली ही हौस. सुटे भाग आता बनत नाहीत, म्हणून एका मेलेल्या यंत्राचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा. विजेचे बिल पाहून घरची मंडळी बोलणारच, ते ऐकून घ्यायचे. ज्यांना खरे यंत्र मिळत नाही किंवा परवडत नाही, ते दुसरी युक्ती करतात. आजच्या लहानशा संगणकाला जुन्या यंत्राचे सोंग घ्यायला लावतात. बहुरूपी पोलिसाचा वेष घालून येतो, चालतो-बोलतोही तसाच. पण हा बहुरूपी इतका बेमालूम असतो की जुने कार्यक्रम त्याच्यावर अगदी तसेच चालतात.

या लोकांनी आपल्या यंत्रांचे एक जाळे केले. त्याचे नाव हेकनेट. यंत्रे निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या घरांत. ती आजच्या इंटरनेटवरूनच एकमेकांना भेटतात, पण आपसांत बोलतात ती मात्र जुनी डेकनेट बोली. प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. त्यात दोन आकडे. पहिला आकडा आळीचा, दुसरा घराचा. आळ्या जास्तीत जास्त ६३, आणि एका आळीत घरे जास्तीत जास्त १,०२३. घराला नावही असते, पण ते इंग्रजी सहा अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. आपल्याकडची 'मातोश्री निवास'वाली मंडळी तिथे अडचणीत आली असती!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे जाळे म्हणजे एक जुना वाडा समजा. आत दहा बिऱ्हाडे. चौक एक, विहीर एक, मोठा दरवाजा एक. आतली माणसे एकमेकांना ओळखतात, म्हणून खोल्यांना धड कड्याही नाहीत. एखाद्या बिऱ्हाडाला वाटले, आपल्याकडे पाहुणे यावेत, आणि त्याने मोठा दरवाजा उघडा टाकला. तर पाहुणा त्याच्याच खोलीत जाईल, असे कोण सांगणार? तो चौकात येणार आणि तिथून त्याला दहाही दारे दिसणार. एकाने दार उघडले की चौक सगळ्यांचाच उघडा पडतो. म्हणून हे काम एकट्याच्या मर्जीने करायचे नसते. सगळ्या बिऱ्हाडांना विचारावे लागते.

आणि या वाड्याच्या भिंती कच्च्या आहेत, हे ध्यानात ठेवा. डेकनेट बोली झाली त्या काळी जाळ्यावर ओळखीचीच माणसे असत. त्यामुळे परवलीचा शब्द, ज्याला आपण पासवर्ड म्हणतो, तो या बोलीत उघडाच पाठवला जातो. वाटेत कोणी कान लावला तर त्याला तो कळतो. पोस्टकार्डावर तिजोरीचा आकडा लिहून पाठवावा, तशातला प्रकार.

याचा फटका पूर्वी बसलेला आहे. १९८९ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेच्या नासा या अवकाश संस्थेच्या डेकनेट जाळ्यात एक किडा शिरला. किडा म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात आपणहून सरकत जाणारा वाईट कार्यक्रम. गुरू ग्रहाकडे यान पाठवण्याची तेव्हा गडबड चालली होती. आणि हा किडा आत शिरला कसा? कुलूप फोडून नव्हे. कित्येक लोकांनी आपले नाव हाच आपला परवलीचा शब्द ठेवला होता. किडा यंत्रातल्या खात्यांची नावे घेई आणि तेच नाव परवलीचा शब्द म्हणून टाकून पाही. दार उघडे. मग 'तुमच्या फायली पुसल्या जात आहेत' असे पडद्यावर उमटे. खरे म्हणजे त्याने फायली पुसल्या नव्हत्या, ते नुसते भिववणे होते. पण ते कळेपर्यंत माणसांची पाचावर धारण बसली. तुमच्यापैकी किती जणांनी बँकेच्या कार्डाचा आकडा म्हणून आपले जन्मसाल ठेवले आहे, हे आम्ही विचारत नाही. पण ठेवले असेल तर उद्याच बदला.

मग काय, दार बंदच ठेवावे? तसेही नाही. याच डेक कंपनीच्या यंत्रांवर, अमेरिकेतल्या एम.आय.टी. या नामांकित संस्थेत, अगदी उलटा प्रयोग झालेला आहे. तिथल्या प्रयोगशाळेत पहिल्यापहिल्याने परवलीचा शब्दच नव्हता. बाहेरचे लोकसुद्धा लांबून येऊन यंत्र वापरत. त्यांना तिथले लोक 'टूरिस्ट', म्हणजे प्रवासी, म्हणत. घरच्यांचे काम नसेल अशा वेळी प्रवाशांनी यावे, शिकावे, मोडतोड करू नये, असा रिवाज होता. आता गंमत ऐका. यंत्र बंद पाडून दाखवण्याची खोड काही पोरांना असतेच. त्यासाठी ती पोरे नाना युक्त्या शोधत. तेव्हा प्रयोगशाळेच्या लोकांनी काय केले? यंत्र बंद पाडण्याचा एक साधा हुकूमच ठेवून दिला. टाइप करा, यंत्र बंद. आता यात पराक्रम तो काय राहिला? कुंपण काढून टाकले की उडी मारण्यात मजा उरत नाही. आम्ही तीस वर्षे पोरे सांभाळली, पण ही युक्ती आम्हांला सुचली नाही.

अर्थात तो काळ गेला. आज जगभरचे चोर रात्रंदिवस दारे ढकलून पाहत असतात. तेव्हा वाडेकरांनी जे केले तेच करावे लागते. मोठा दरवाजा बंद आणि त्यातली दिंडी उघडी. दिंडीतून माणूस वाकून, एक-एक करून येतो. संगणकात दिंडी म्हणजे पाहुण्याचे खाते. हेकनेटच्या काही यंत्रांवर असे खाते ठेवलेले असते. पाहुण्याने ओसरीवर बसावे, खेळ खेळावा, जुने कार्यक्रम चालवून पाहावेत. माजघरात जायचे नाही. म्हणजे दुसऱ्याच्या फायलींना हात लावायचा नाही, आणि यंत्राचा कारभार बदलण्याची मुभा त्याला नाहीच. पाहुण्यांसाठी यंत्र वेगळे ठेवले तर फारच बरे. त्याची एक नक्कल आधीच काढून ठेवावी. पाहुण्याने घोटाळा केलाच, तर नकलेवरून सगळे पुन्हा पहिल्यासारखे करता येते. इथे सोंग घेतलेले यंत्र उपयोगी पडते. खरे यंत्र बिघडले तर भाग कुठून आणणार?

तुम्ही म्हणाल, एवढी यातायात कशाला? आपली यंत्रे आपण जपावीत, लोकांना कशाला बोलवावे? याचे उत्तर म्हणून आम्ही एक खरी हकीकत सांगतो.

अमेरिकेत सिअ‍ॅटल नावाचे शहर आहे. तिथे लेकसाइड नावाची शाळा आहे. १९६८ साली तिथल्या मुलांच्या आयांच्या मंडळाने जुने सामान विकून पैसे उभे केले. त्यातून शाळेत एक टाइप करण्याचे यंत्र आले, आणि तारेने दूरच्या संगणकाशी बोलण्याचा वेळ विकत घेता आला. पॉल अ‍ॅलन तेव्हा पंधरा वर्षांचा, बिल गेट्स तेरा वर्षांचा. पुढे त्या शहरात एका कंपनीने पीडीपी-१० आणला. तिने या मुलांना सांगितले, यंत्रातल्या चुका शोधून द्या आणि फुकट वापरा. मुले रात्री-बेरात्री तिथे पडून असत. त्यांनी आगाऊपणाही केला, नको त्या खात्यांत शिरली, पकडली गेली, काही काळ बंदी झाली. पण शिकली. याच दोघांनी १९७५ साली मायक्रोसॉफ्ट ही कंपनी काढली.

आता आमचीही एक गोष्ट सांगून टाकतो. आमच्या शाळेत पहिला संगणक आला, तेव्हा आम्ही त्याची पूजा केली, नारळ फोडला, त्याच्यावर प्लॅस्टिकची खोळ घातली आणि खोलीला कुलूप लावले. मुलांनी हात लावला आणि बिघडला तर जबाबदार कोण? साहेब तपासणीला आले की कुलूप निघे. चार वर्षांनी एकदा सुरू करायला गेलो तर तो सुरूच झाला नाही. मुलांनी बिघडवला नव्हता. कुलूप आमच्या हाताने लागले होते.

पॉल अ‍ॅलन पुढे फार श्रीमंत झाला, पण ते जुने यंत्र विसरला नाही. त्याने जुने संगणक गोळा करून दुरुस्त करवले. २००६ पासून लोकांना लांबूनही ते वापरू दिले. २०१२ साली सिअ‍ॅटलमध्ये त्यांचे संग्रहालयच उघडले. त्याचे वैशिष्ट्य असे, की तिथे यंत्रे चालू ठेवलेली असत, आणि लोकांनी समोर बसून ती चालवावीत असा बेत होता. आपल्याकडच्या संग्रहालयांत 'हात लावू नये' अशी पाटी असते, तिथे उलट.

पण २०१८ साली अ‍ॅलन वारला. २०२० साली करोनाच्या साथीत संग्रहालय बंद झाले, ते पुन्हा उघडले नाही. २०२४ साली ते कायमचे बंद केल्याचे जाहीर झाले आणि त्यातल्या कितीतरी वस्तू लिलावात निघाल्या. पैसा धर्मादाय कामासाठी होता, त्यात वाईट काही नाही. पण ज्यांनी आपली जुनी यंत्रे विश्वासाने तिथे दिली होती, त्यांना काय वाटले असेल? एका शेटजीच्या जिवावर चाललेले अन्नछत्र शेटजींबरोबर संपते.

म्हणून आम्हांला ते हौशी लोकांचे विखुरलेले जाळे जास्त आवडते. तिथे कोणी एक मालक नाही. एका घरचे यंत्र थंड पडले तरी दुसऱ्या घरचे चालू असते. तसाच एस.डी.एफ. नावाचा एक संघ अमेरिकेत १९८७ पासून चालला आहे. सुरुवात एका लहान संगणकावर, एका टेलिफोनवर. आज तो सभासदांच्या वर्गणीवर उभा आहे, आणि लोकांना जुन्या यंत्रांवरही येऊ देतो.

आमचा एक जुना विद्यार्थी पुण्याला नोकरीला असतो. गेल्या दिवाळीत तो आपला संगणक घेऊन आमच्याकडे आला आणि अशाच एका यंत्रात त्याने आम्हांला पाहुणा म्हणून नेले. काळा पडदा, हिरवी अक्षरे. चित्र नाही, गाणे नाही. यंत्राने तारीख आणि वेळ सांगितली आणि पुढे एक चौकोन लुकलुकत राहिला. आम्ही एका बोटाने एक शब्द टाइप केला. तो चुकला. यंत्राने इंग्रजीत सांगितले, हा हुकूम मला ठाऊक नाही. आम्ही पुन्हा टाइप केला. आमची नात शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, सरका, मला बघू द्या." आम्ही सरकलो.