पिष्टाच्या कड्या आणि फळांचा टिकाव

आंब्याच्या आढीत एक फळ पिकू लागले की शेजारची फळेही भराभर पिकतात, हा प्रत्येक बागायतदाराचा अनुभव आहे. पिकत्या फळातून निघणारा इथिलीन वायू हे त्याचे कारण होय. माल दूरच्या बाजारपेठेत धाडावयाचा असला, म्हणजे हाच वायू नुकसानीस कारण होतो.

इथिलीनला अडविणारा १-मिथिलसायक्लोप्रोपीन हा वायू विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील संशोधनातून पुढे आला. फळाच्या पेशींत इथिलीन ज्या जागी चिकटते, ती जागा तो आधीच व्यापून टाकतो. परंतु हा वायू सांद्र स्वरूपात साठविणे धोक्याचे असते. ही अडचण दूर झाली ती पिष्टापासून केलेल्या एका सूक्ष्म कडीमुळे.

मका, बटाटा इत्यादींतील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांच्या लांब साखळ्या होत. त्यांपासून जंतूंच्या क्रियेने बनणारा कडीसारखा पदार्थ फ्रान्समधील व्हिलिएर्स यांना १८९१ साली प्रथम आढळला. पुढे ऑस्ट्रियातील फ्रान्झ शार्डिंगर यांनी अन्न नासविणाऱ्या जंतूंचा अभ्यास करताना या पदार्थांचा कसून शोध घेतला. या कड्यांना सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणतात. त्यांत बहुधा सहा, सात किंवा आठ ग्लुकोज असतात.

कड्या घडविणारे एंझाइम हे जंतूने तयार केलेले एक प्रथिन आहे. बॅसिलस सर्क्युलन्स या जंतूच्या एंझाइमचे स्फटिक करून जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे क्लाइन व शुल्त्स यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना तपासली आणि १९९१ साली ती बारकाव्यांसह प्रसिद्ध केली. ६८४ ॲमिनो अम्लांचे हे प्रथिन पाच भागांत दुमडलेले आहे. मुख्य भाग पिंपासारखा असून त्यावरील खाचेत पिष्टाची साखळी बसते. शेवटचा भाग पिष्ट पकडून ठेवण्यास मदत करतो.

खाचेतील तीन अम्ले साखळी तोडतात. सामान्य ॲमिलेज एंझाइम तुटलेल्या टोकास पाणी जोडून मोकळे होते. हे एंझाइम मात्र तोडलेल्या तुकड्याचे दुसरे टोक वळवून आणते आणि दोन्ही टोके सांधते. खाचेच्या मध्यावर टायरोसीन हे ॲमिनो अम्ल असते, व त्याच्याभोवती साखळी वळते. त्याच्या जागी दुसरे ॲमिनो अम्ल बसविल्यास लहान-मोठ्या कड्यांचे प्रमाण बदलते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. रचना कळल्यामुळेच असा फेरफार हेतुपूर्वक करता येऊ लागला.

सहा ग्लुकोजच्या कडीची पोकळी मिलिमीटरच्या सुमारे विसलक्षांश भागाएवढी असते. कडी बाहेरून पाण्याशी सलगी करते, आतून मात्र पाण्यास दूर ठेवते. त्या पोकळीत उपरोक्त वायू कोंडला, की त्याची भुकटी होते. बंद खोलीत ती पाण्यात मिसळताच वायू सुटतो. सफरचंदांच्या शीतगृहांत ही पद्धत रूढ झाली आहे.

तथापि, या उपायाने पिकलेले फळ पुन्हा कच्चे होत नाही, की कुजके फळ सुधारत नाही. इथिलीनमुळे पिकणाऱ्या फळांसच त्याचा मुख्यतः लाभ होतो, आणि तोही काढणीनंतर वेळीच केला तर. म्हणून योग्य वेळी काढणी, निवड व थंड साठवण यांस पर्याय नाही. पिष्टाची कडी त्यांच्या जोडीचे साधन होय.