शेपटीवर जीव जडला, पण खालचा पत्रा बघितला का?

काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आठवतेय ना? ऑक्टोबर २०२३मध्ये ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस टाकले होते. तिचा फोटो सापडला तर मागचे दोन कोपरे नीट बघा. पत्रा थोडासा उचललेला आणि टोकदार दिसेल, मांजरीने कान टवकारल्यासारखा. त्याला म्हणतात टेलफिन. ही फॅशन फियाटने अमेरिकेकडून उचलली आणि फियाटमार्फत ती कुर्ल्याच्या कारखान्यात पोहोचली. अमेरिकेत मात्र तो कान नव्हता, चक्क विमानाची शेपटी होती.

आमच्या घरी आजोबांची पद्मिनी आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांनी आणि मी हौसेने तिला नवा रंग दिला, बंपर चमकवले, सीट कव्हरं शिवून घेतली. पहिल्याच पावसात ड्रायव्हरच्या पायाखाली पाणी साचलं. मॅट उचलली, तर खालचा पत्रा बिस्किटासारखा हातात आला. चाळीसेक हजार रुपये वरच्या रंगात गेले होते आणि आता तोच रंग जाळत वेल्डिंग करायचं होतं. त्या वैतागातून मी जगभरचे लोक जुन्या गाड्या कशा उभ्या करतात ते वाचत सुटलो आणि अडकलो तो थेट १९५०च्या दशकातल्या डेट्रॉईटमध्ये.

सुरुवात होते १९४८च्या कॅडिलॅकपासून. जनरल मोटर्सच्या डिझाईन विभागाचा प्रमुख हार्ली अर्ल याने आपल्या माणसांसोबत युद्धकाळात लॉकहीडचं पी-३८ हे दोन शेपट्यांचं लढाऊ विमान पाहिलं होतं. ते डोक्यात बसलं आणि कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डवर दोन छोटे उंचवटे आले. मग १९५७च्या मॉडेल्समध्ये क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्सनरने अशा काही उंच, धारदार फिन काढल्या की सगळ्यांची झोप उडाली. किस्सा असा की जनरल मोटर्सचा तरुण डिझायनर चक जॉर्डन याला १९५६च्या उन्हाळ्यात क्रायस्लरच्या आवारात कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या नव्या प्लिमथ दिसल्या. त्याने ऑफिसात येऊन सहकाऱ्यांना सांगितलं, तेही बघून आले आणि १९५९साठी चाललेलं काम बाजूला सारून नव्याने रेघोट्या सुरू झाल्या. त्यातून निघाली १९५९ची कॅडिलॅक. सगळ्यात उंच फिन आणि प्रत्येक फिनमध्ये बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन-दोन लाल दिवे. 'घोस्टबस्टर्स'मधली ती पांढरी गाडी आठवा, ती हीच. फक्त अँब्युलन्सच्या अंगाची.

आता समजा, तुमच्याकडे (स्वप्नातच!) पैसे आहेत, अमेरिकेत एखादं शेड आहे आणि त्या काळातली एक आलिशान गाडी उभी करायची आहे. समोर तीन नावं येतात. कॅडिलॅक, क्रायस्लरची इंपीरियल आणि फोर्डची लिंकन. तिघी आपल्या स्विफ्टच्या जवळपास दीडपट लांब. पेट्रोलचा हिशोब आपण काढायचाच नाही.

कॅडिलॅक ही हिरोइन. ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, ३२५ हॉर्सपॉवर. १९५९ साली कॅडिलॅकने एकूण लाखाच्या वर गाड्या बनवल्या, त्यामुळे 'दुर्मीळ' हा शब्द विक्रेत्याच्या तोंडून ऐकला तर हसून सोडून द्या. खरी दुर्मीळ ती एल्डोराडो बिआरिट्झ कन्व्हर्टिबल. त्या वर्षी फक्त १,३२० बनल्या, तेव्हाची किंमत ७,४०१ डॉलर. आज चांगली असेल तर सहा आकडी डॉलर मोजावे लागतात. पण गाडी लोकप्रिय असल्याचा मोठा फायदा म्हणजे स्पेअर पार्ट. रबरं, दिवे, इंजिनाचे भाग, गालिचे अशा कितीतरी गोष्टी आजही नव्याने तयार होतात. तिचा कच्चा दुवा चेसिसमध्ये आहे. ती एक्सच्या आकाराची, बाजूच्या तुळयाच नाहीत. त्यामुळे गंज बघायचा तो तिथे, गाडीखाली आडवं पडून. एल्डोराडोत स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांचं सस्पेन्शन होतं. ते इतकं गळायचं की अनेक मालकांनी ते काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवून टाकल्या. जुनी गाडी मूळ रूपात हवी की चालणारी हवी, हे भांडण इथूनच सुरू होतं.

इंपीरियल मला मनापासून आवडते, हे आधीच सांगून टाकतो. १९५७ची घ्या. फिनवर बसवलेला बंदुकीच्या नेमासारखा दिवा, बाहेरून वक्राकार असलेल्या खिडकीच्या काचा (अमेरिकेत कंपनीतून निघणाऱ्या गाडीत पहिल्यांदाच) आणि गिअर बदलायला डॅशबोर्डवर बटणं! पुढच्या चाकांना टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगऐवजी पिळ खाणारी पोलादी दांडी, त्यामुळे वळणावर ती कॅडिलॅकपेक्षा शहाणी वागते. आणि १९५७-५८मध्ये पोटात प्रसिद्ध हेमी इंजिन. मग अडचण काय? १९५७ची मॉडेल्स घाईत बाजारात आली, जोडकाम ढिसाळ झालं आणि गंज लवकर धरला. इंजिन-गिअरबॉक्सचे भाग क्रायस्लरच्या इतर गाड्यांशी जुळतात, ते मिळून जातात. पण ग्रिल, पट्ट्या, ती वक्र काच? ते फक्त दुसऱ्या एखाद्या मेलेल्या इंपीरियलमधूनच. तशा मेलेल्या इंपीरियलही कमीच, कारण या गाड्या मुळात कमी खपल्या. शिवाय इतक्या दणकट की एकमेकांना ठोकायच्या 'डिमॉलिशन डर्बी' शर्यतींसाठी लोकांनी त्या हौसेने वापरल्या, शेवटी अनेक ठिकाणी त्यांना बंदीच घातली गेली. वाचताना पोटात कालवतं.

राहिली लिंकन, १९५८ ते १९६०. हिच्या फिन तशा बेताच्या, पण आकार अवाढव्य, ७ लिटरचं इंजिन. कॉन्टिनेंटल मॉडेलची मागची काच उलटी तिरकी असते आणि बटण दाबलं की खाली सरकते. कसली भारी कल्पना! या तिघींत सहसा हीच स्वस्तात मिळते आणि तिथेच लोक फसतात. हिला वेगळी चेसिसच नाही. बॉडी हीच चेसिस. कॅडिलॅकचा फ्लोअर सडला तर तो पत्रा बदलता येतो, खालचा सांगाडा गाडी धरून ठेवतो. लिंकनच्या सिलमध्ये गंज शिरला की गाडीचा कणाच गेला. कन्व्हर्टिबल घेतलीत तर छत डिकीत घडी घालणाऱ्या मोटारी आणि रिले सांभाळायला इलेक्ट्रिशियन घरीच ठेवावा लागेल.

तिघींत सामाईक असं एक संकट आहे, त्याबद्दल फोटोत कधीच कळत नाही. क्रोम. त्या काळच्या दिव्यांच्या चौकटी, बोधचिन्हं, हँडल असे बरेच भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव आहेत. वर्षानुवर्षांनी त्यात आतून फोड येतात. नुसतं पॉलिश चालत नाही. जुना थर उतरवायचा, एकेक खड्डा कोरून साफ करायचा, तांब्याने भरायचा, घासायचा, मग निकेल, मग क्रोम. अख्ख्या गाडीचा हा खर्च कधी कधी इंजिनाच्या कामालाही मागे टाकतो. आणि गंमत बघा, चार दारांच्या साध्या सिडॅनला हा खर्च कन्व्हर्टिबलइतकाच येतो, विकताना किंमत मात्र कुठच्या कुठे कमी. म्हणून तिथले जुने खेळाडू नवख्याला सांगतात की मोडकी स्वस्त गाडी उभी करण्यापेक्षा कुणीतरी आधीच पैसे ओतलेली घे.

मला विचाराल तर डोक्याने कॅडिलॅक, मनाने इंपीरियल. लिंकन फक्त कोरड्या प्रदेशातली, गंज नसलेली मिळाली तरच. आणि तिन्हींकडे जाताना खिशात एक लोहचुंबक. दाराच्या खालच्या कडेवर, मागच्या चाकाच्या कमानीवर तो फिरवायचा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

बाबांना मी हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी फ्रिजवरचा महाबळेश्वरचा मॅग्नेट काढला आणि खाली पद्मिनीकडे गेले. डाव्या फिनवर तो चिकटला. उजव्या फिनवरून टपकन खाली पडला.

रंगाचं काम पुन्हा पुढे ढकललंय.