लॅपटॉपचा ताप उतरविण्यासाठी व्होल्टेजची कमी मात्रा

एप्रिल-मे महिन्यांत नागपूर, अकोला, चंद्रपूर या शहरांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात गेला की माणसांप्रमाणेच लॅपटॉपही हैराण होतात. पंख्याची घरघर वाढते, कळफलकाच्या वरची पट्टी हाताला चटका देऊ लागते आणि हिवाळ्यात सुरळीत चालणारे यंत्र अचानक रखडू लागते. दोष बहुधा व्हायरसला दिला जातो, तर कधी ‘जुना झाला’ म्हणून लॅपटॉप विकावयास काढला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा प्रोसेसर स्वतःचा बचाव करीत असतो. इंटेलच्या लॅपटॉपसाठीच्या अनेक प्रोसेसरची तापमानाची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. ती गाठताच प्रोसेसर आपला वेग आपणहून कमी करतो.

हा ताप कमी करण्याचा एक उपाय यंत्राचे झाकणही न उघडता करता येतो. तो म्हणजे प्रोसेसरला मिळणारे व्होल्टेज किंचित घटविणे. जाणकार यास ‘अंडरव्होल्टिंग’ म्हणतात. ओव्हरक्लॉकिंगच्या जातीचाच हा खटाटोप असला, तरी त्याचा हेतू नेमका उलटा आहे. यात वेग वाढविण्यासाठी जास्त वीज ओतली जात नाही. तेवढेच काम कमी विजेत करून घेतले जाते.

यामागील भौतिकशास्त्र सोपे आहे. प्रोसेसरमधील कोट्यवधी ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना जी वीज खर्च होते, ती घड्याळी वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ‘वर्गाच्या’ हा शब्द येथे कळीचा आहे. वेग दहा टक्क्यांनी कमी केल्यास हा खर्च दहा टक्केच घटतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी केल्यास मात्र तो सुमारे एकोणीस टक्के घटतो, आणि वेग आहे तेवढाच राहतो.

उदाहरणादाखल, पूर्ण भाराखाली ३० वॅट घेणारा एक प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ६० अंशांनी अधिक तापतो असे समजू. २५ अंशांच्या खोलीत तो ८५ अंशांवर थांबेल. परंतु ४० अंशांच्या खोलीत थेट शंभरी गाठेल आणि मंदावेल. त्याचे व्होल्टेज १.१० वरून १.०० व्होल्टवर आणल्यास ३० वॅटचे जवळपास २५ वॅट होतात आणि वाढ ६० अंशांऐवजी ५० अंशांची होते. म्हणजे त्याच ४० अंशांच्या खोलीत तो ९० अंशांवर राहील. गळतीने वाया जाणारी वीज या हिशेबात धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे निराळे असतील. दिशा मात्र हीच राहते.

मग कारखान्यातच व्होल्टेज कमी का ठेवले जात नाही, असा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर असे, की एकाच सिलिकॉनच्या चकतीतून कापलेल्या दोन चिपही तंतोतंत सारख्या नसतात. एखादी १.०० व्होल्टवर बिनचूक चालते, तर तिच्या शेजारच्या चिपला त्याच वेगासाठी थोडे अधिक लागते. शिवाय चिप वयाने थकते आणि भार एकाएकी वाढला की व्होल्टेज क्षणभर खाली घसरते. या सर्व शक्यता गृहीत धरून उत्पादक थोडे वाढीव माप घालून देतो. अंडरव्होल्टिंग करणारा हे वाढीव मापच परत घेत असतो. कोणाच्या वाट्याला किती माप आले आहे, हा नशिबाचा भाग.

वेगाबरोबर व्होल्टेज खाली आणण्याची कल्पना खुद्द उत्पादकांचीच आहे. इंटेलने २००० मध्ये लॅपटॉपसाठीच्या पेंटियम-३ मध्ये ‘स्पीडस्टेप’ हे तंत्र आणले. २००३ मध्ये आलेला १.६ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम-एम पूर्ण वेगात १.४८४ व्होल्ट घेई व त्याची उष्णता २४.५ वॅट धरली जाई. काम नसताना तो ६०० मेगाहर्ट्‌झ आणि ०.९५६ व्होल्टवर उतरे, तेव्हा हाच आकडा ६ वॅटवर येई. त्या काळी हौशी मंडळी ‘आरएमक्लॉक’ या छोट्या प्रोग्रॅमने या दोन टोकांमधील व्होल्टेज आणखी खाली ओढत.

नंतरच्या काळात, २०१३ च्या चौथ्या पिढीपासून पुढच्या इंटेल कोअर प्रोसेसरसाठी, ‘थ्रॉटलस्टॉप’ आणि इंटेलचीच ‘एक्स्ट्रीम ट्यूनिंग युटिलिटी’ ही साधने रूढ झाली. रीत धीराची आहे. आरंभी ५० मिलिव्होल्ट घटवावेत, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी चालवावी आणि मग दहा-दहा मिलिव्होल्टने खाली उतरावे. बऱ्याच चिपमध्ये गाभा आणि कॅशे यांचा वीजपुरवठा एकच असतो. दोहोंना सारखी घट न दिल्यास काही घडतच नाही आणि ‘उपाय फसला’ असा समज होतो. यंत्र गोठले किंवा निळा पडदा आला, की दहा-वीस मिलिव्होल्ट परत द्यावेत. बदल कायमस्वरूपी साठविण्याची घाई नको. न साठविलेले व्होल्टेज यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की मूळ पदावर येते, आणि नवशिक्याला हाच मोठा आधार असतो.

निळ्या पडद्यापेक्षा अधिक काळजीची बाब म्हणजे न दिसणारी चूक. व्होल्टेज काठावर असताना यंत्र बंद न पडता एखादी बेरीज चुकवू शकते किंवा फाइल बिघडवून साठवू शकते. भाराखाली तासन्‌तास टिकलेली जुळणी यंत्र निवांत असताना कोसळल्याची उदाहरणेही असतात, कारण त्या वेळी व्होल्टेज मुळातच कमी असते. म्हणून जेथे यंत्र पहिल्यांदा अडखळले त्याच्या बरेच अलीकडे थांबणे शहाणपणाचे. ज्या लॅपटॉपवर दुकानाचे हिशेब किंवा प्रबंधाची एकमेव प्रत आहे, त्यावर तर हा प्रयोग प्रत अन्यत्र ठेवल्याखेरीज करूच नये.

कधी कधी एवढे करूनही तापमान जागचे हलत नाही. त्याने निराश होण्याचे कारण नाही. लॅपटॉपला ठरावीक वॅटची मर्यादा घातलेली असेल, तर वाचलेली वीज प्रोसेसर वेग वाढविण्यात खर्च करतो. लाभ अंशांत न दिसता मेगाहर्ट्‌झमध्ये दिसतो, इतकेच.

कुलूप का लागले?

डिसेंबर २०१९ मध्ये या छंदाला अनपेक्षित वळण मिळाले. बर्मिंगहॅम विद्यापीठ, बेल्जियममधील लुव्हेन व ऑस्ट्रियातील ग्राझ येथील संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा हल्ला जाहीर केला. नेमक्या क्षणी व्होल्टेज खाली खेचून इंटेलच्या ‘एसजीएक्स’ या सुरक्षित कप्प्यातील गणिते चुकवावयाची आणि त्या चुकांवरून गुप्त किल्ल्या शोधावयाच्या, असे त्याचे स्वरूप होते. जी चूक हौशी माणूस टाळू पाहतो, तीच येथे हत्यार झाली. उपाय म्हणून इंटेलने सुधारणा दिल्या आणि अनेक लॅपटॉप उत्पादकांनी बायॉस अद्ययावत करताना व्होल्टेज बदलण्याची सोयच बंद केली. पुढे इंटेलने घरगुती वापराच्या नव्या प्रोसेसरमधून एसजीएक्स काढून टाकले, तरी बहुतेक लॅपटॉपवरील कुलूप कायम राहिले. विंडोज ११ मधील ‘मेमरी इंटिग्रिटी’सारखी संरक्षणे चालू असतानाही थ्रॉटलस्टॉपला व्होल्टेजला हात लावता येत नाही.

हे कुलूप उघडण्यासाठी जुना बायॉस पुन्हा बसविण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे. जुन्या बायॉसबरोबर सुरक्षेची जुनी भगदाडेही परत येतात, आणि बायॉस बदलताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होण्याची भीती असते. आठ-दहा अंशांसाठी ही किंमत फार मोठी झाली.

ज्यांच्या यंत्राला कुलूप आहे, त्यांनी आधी पंख्यात साचलेली धूळ काढून घ्यावी आणि लॅपटॉप गादीवर ठेवून वापरणे सोडावे. हवा आत जाण्याच्या फटी बहुधा तळाशीच असतात. तीन-चार वर्षांच्या यंत्रात प्रोसेसरवरील उष्णतावाहक पेस्ट सुकलेली असते, ती जाणत्या कारागिराकडून बदलून घेता येते. त्यानेही भागले नाही, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के करावी. हा पर्याय काही नव्या यंत्रांत दडविलेला असतो, पण जेथे दिसतो तेथे इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरचा ‘टर्बो’ वेग त्याने बंद होतो. या शेवटच्या काही शे मेगाहर्ट्‌झसाठीच व्होल्टेज सर्वाधिक चढवावे लागते. त्यामुळे पत्रलेखन, ब्राउझिंग वा चित्रपट पाहणे यात फारसा फरक न जाणवता पंखा शांत होतो. मोठ्या फाइलींचे काम असेल त्या दिवशी आकडा पुन्हा १०० करण्यास मिनिटभरही लागत नाही.