आमवात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या

आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हटला की सकाळी आखडलेली बोटे आणि सुजलेली मनगटे आठवतात. पण हा केवळ सांध्यांचा आजार नव्हे. शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच पेशींवर उलटते आणि त्यातून होणारा दाह रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमधला माणूस आहे. पण आपल्या आई-मावश्यांच्या या दुखण्याची ही बाजू फारशी बोलली जात नाही, म्हणून हा प्रपंच.

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांनाच दाह होणे, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस, फार दुर्मिळ आहे. काळजी करायची ती नेहमीच्या पक्षाघाताची. सततच्या दाहामुळे धमन्यांच्या अस्तराला इजा होते, चरबीचे थर लवकर साचतात, आणि गुठळी अडकली की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणूनच युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या 'यूलार' या संघटनेने हृदय व रक्तवाहिन्यांचा नेहमीच्या कोष्टकातून काढलेला धोका या रुग्णांसाठी १.५ ने गुणावा, असे सुचवले आहे. गंमत म्हणजे आजार जोरात असताना कोलेस्टेरॉलचा आकडा उलट कमी दिसू शकतो! तेव्हा 'रिपोर्ट नॉर्मल आहे' यावर विसंबू नये. आजार आटोक्यात आल्यावर पुन्हा तपासून घ्यावे.

भारतातून येणाऱ्या आईवडिलांच्या बॅगेत डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांची पाकिटे हमखास असतात. अशा वेदनाशामकांनी हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्ये अधिक कडक केला. स्टेरॉइडने रक्तदाब आणि साखर वाढते, पण ते मनाने एकदम बंद करणेही धोक्याचे. उलट मेथोट्रेक्सेटसारखी मूळ दाह आवरणारी औषधे नियमित घेतली, तर वेदनाशामकांची गरजच कमी होते.

आणखी एक. जुन्या आमवातात मानेचे वरचे दोन मणके सैल होऊ शकतात, आणि मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या तिथूनच वर जातात. त्यामुळे कायरोप्रॅक्टरकडे मान मोडून घेणे टाळावे, आणि कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला आमवाताची कल्पना द्यावी.

तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, तर ताबडतोब ९११ फिरवा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येते. 'जरा पडते, बरं वाटेल,' असे आई म्हणाली, तरी ऐकू नका.