गोळी किती खोल बसवायची?

परभणीच्या काळ्या जमिनीत सोयाबीन तीन ते पाच सेंटीमीटरवर पेरावं, ही शिफारस बहुतेक शेतकऱ्यांना तोंडपाठ असते. तरी पाभरीची खोली शेवटी रानातली ओल पाहूनच ठरते. रायफलीचं काडतूस स्वतः भरणाऱ्या परदेशी नेमबाजांचाही जुना वाद असाच आहे: पितळी कवचात गोळी किती खोल बसवायची? माझ्या मते त्याचं उत्तर काडतुसात सापडणारच नाही, ते नळीत आहे. बार उडाला की गोळी कवच सोडते, थोडं अंतर मोकळी धावते आणि मग नळीतल्या पेचदार खाचांच्या कडांना भिडते. तिथे ती सरळ शिरली तर निशाण्यावरची छिद्रं जवळजवळ पडतात, तिरकी शिरली तर पांगतात. म्हणून जाणकार काडतुसाची एकूण लांबी मोजत बसत नाहीत. एकाच डब्यातल्या गोळ्यांची टोकंसुद्धा किंचित पुढेमागे असतात. कवचाच्या बुडापासून गोळीच्या पूर्ण जाडीच्या भागापर्यंतचं अंतर ते कॅलिपरला जोडणी लावून घेतात आणि इंचाच्या तीन-चार हजारांशांनी गोळी आत-बाहेर सरकवत चाचणी करतात. यात धोका दोन्हीकडे आहे. गोळी खाचांना टेकवून ठेवली तर दाब वाढतो, आणि फार आत ढकलली तर दारूची जागा आक्रसते, तेव्हाही दाब वाढतो.

कारखाने तर एकाच ठरीव लांबीची काडतुसं बनवतात आणि ती चालतातही, मग एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. चालतात हे खरं. पण त्या कॅलिबरच्या प्रत्येक रायफलीत आणि तिच्या मॅगझिनमध्ये बसावीत, या हिशेबानेच ती लांबी ठरलेली असते. अमुक एका नळीला काय मानवेल, हा प्रश्न कारखान्यापुढे नसतोच. दुसरी शंका जास्त बोचरी आहे. तीन-तीन गोळ्या झाडून ‘हीच खोली उत्तम’ असं जाहीर करणाऱ्यांचा निकाल बऱ्याचदा निव्वळ योगायोग असतो. तंतोतंत सारख्या काडतुसांच्या तीन-तीन गोळ्यांचे दोन गट घेतले, तरी त्यांच्या फैलावात दुपटीचा फरक सहज पडतो. ही शंका मला मान्य आहे. पण त्यातून खोलीला महत्त्व नाही असं निघत नाही, जास्त गोळ्या झाडायला हव्यात एवढंच निघतं. शिवाय सापडलेला आकडाही टिकत नाही. तापत्या वायूंनी खाचांची सुरुवात झिजत पुढे सरकते आणि कालची खोली आज जास्त ठरते.

आपल्याकडे हा खटाटोप घरी करण्याची सोय नाही. 1959च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि ‘दारूगोळा’ या शब्दात तो बनवण्याची यंत्रंही येतात. खडकीचा 1869पासूनचा दारूगोळा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव हे ठरीव लांबीचं जग. तरीही अचूकतेचा हाच प्रश्न मराठी नेमबाजांपुढे वेगळ्या वाटेने येतो. 2010मध्ये म्युनिकला जगज्जेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, दोघंही 50 मीटर रायफलचे. तिथे दहाचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटरचं असतं आणि काडतूस पॉइंट टू-टूचं. त्याचा पेटवणारा मसाला कवचाच्या कडेत भरलेला असतो, त्यामुळे ते घरी पुन्हा भरण्याचा प्रश्नच नाही.

मग बदलायचं काय? लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेली काडतुसं. एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसं लॉटगणिक थोडी वेगळी वागतात. एली, लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत रायफल शिकंज्यात पकडतात, एकेका लॉटच्या गोळ्या 50 मीटरवर झाडतात आणि ज्याचा फैलाव सर्वांत कमी त्याच लॉटच्या पेट्या उचलतात. घरी काडतूस भरणारा ते नळीला जुळवून घेतो, हा नेमबाज नळीला जुळणारं निवडून घेतो. दोघांची कसोटी तीच नळी. म्हणूनच शेजारच्या नेमबाजाचा आवडता लॉट डोळे झाकून विकत घेण्यात फारसा अर्थ नाही, आणि आपला लॉट संपला की नव्याने चाचणी घेण्याला पर्याय नाही.