सप्टेंबरात तळाचं जाळं रिकामं का येतं?

बांधवांनो, बंदी १ ऑगस्टला उठते, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात कांदोळीसमोर तळाचं जाळं कधी कधी नुसता चिखल घेऊन येतं. आपण नशिबाला दोष देतो. खरं कारण पाण्याच्या थरांत आहे.

मांडवी-जुवारीचं गोडं पाणी हलकं, म्हणून वर. खाली थंड, जड खारं पाणी, त्यात प्राणवायू आधीच कमी. मेलेलं शेवाळ बुडताना दोन्ही थरांच्या सांध्यावर मंदावतं. खालचं पाणी जड ना! मग हळूहळू तळाला जाऊन कुजतं, उरलासुरला प्राणवायूही खातं. मासळी तिथून पळते. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हे वर्षानुवर्षं मोजलंय. थंडीत थर मोडतात, पाणी ढवळतं, तळाला पुन्हा हवा मिळते.

यंदा किती वाव खोलीवर जाळं रिकामं आलं, आम्हाला जरूर कळवा.