पाणी गेल्यावर

वारज्यात ‘कॅनॉल रोड’ कोणीही दाखवील. कॅनॉल मात्र दिसणार नाही. खडकवासल्याहून निघालेला मुठेचा डावा कालवा या बाजूने वाहत असे. पाणी थांबले, पात्रावर रस्ता आला.

बेल्जियममधल्या ब्रूज गावी मी जेमतेम दीड दिवस होतो. कालव्यांवर कमानदार दगडी पूल, पाण्यातून थेट वर आलेल्या विटांच्या भिंती, घंटाघराच्या ३६६ पायऱ्या. माझ्यातला बँकवाला मात्र थबकला तो व्हान डेर ब्यूर्झे घराण्याच्या जुन्या खाणावळीपाशी. मध्ययुगात इटालियन व्यापारी इथे हुंड्यांचे व्यवहार करीत. शेअरबाजाराचा ‘बोर्स’ हा शब्द याच घराण्याच्या नावावरून आला, असे मानतात.

ही श्रीमंती झ्विनच्या खाडीवर पोसलेली. खाडी गाळाने भरली आणि व्यापार अँटवर्पला गेला. १८९२ मध्ये रोडेनबाख या कादंबरीकाराने पुस्तकाच्या नावातच ब्रूजला ‘मृत’ म्हटले. पाडून नवे बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुने बरेचसे टिकले. २००० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले.

ब्रूजला गरिबीने वाचवले. आपल्याकडे पाणी गेले तेव्हा जमिनीला भाव आला होता. रस्ता जमेच्या बाजूला, हे मान्य; मीही त्यावरूनच रिक्षाने जातो. पण कालव्याच्या पाझराचे पाणी, काठची झाडे, हे कोणाच्या नावे टाकायचे?

उजवा कालवा अजून वाहतो आहे. त्याच्याऐवजी फुरसुंगीपर्यंत बोगदा काढायची योजना आहे. मोकळ्या होणाऱ्या जागेचा हिशेब आधी मांडावा. खाते बंद झाल्यावर काही उपयोग नाही.